सहा जानेवारीचं ताट

"उठलीस तर याद राख," टेकल्या मान वर न करता म्हणाली. "एक पीस जरी उडालं ना, तर घरभर रांगत वेचायला लावीन."

झोन्या अर्धी उठली होती ती पुन्हा बाकावर टेकली. बाहेर गाडी थांबल्यासारखं तिला वाटलं होतं. पण टेबलावर हंसांच्या पिसांचा हातभर उंच ढीग होता, आणि पिसं सोलायला बसलं की उठायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही आणि दाराला तर हातच लावायचा नाही, हा या घरातला जुना नियम होता. नियम टेकल्याच्या सासूचा. सासूच्या काळी तो निदान कधीमधी मोडला जायचा. टेकल्याच्या हाती आल्यापासून तो मोडायची कुणाची छाती झाली नव्हती.

दोघी जावा. टेकल्या त्र्याऐंशीची, झोन्या तिच्याहून सहा वर्षांनी लहान. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, झेलेना गावच्या चर्चमागे शेजारी शेजारी मातीत निजलेले. दोघींच्या घरांमध्ये अर्धा मैल बर्फ. एके काळी हिवाळ्यात या टेबलाभोवती पिसं सोलायला अकरा बायका दाटीवाटीने बसत आणि अख्ख्या तालुक्याची लग्नं, भांडणं, बाळंतपणं काड्यांबरोबर बादलीत पडत. आता दोघीच. पिसाचं टोक डाव्या चिमटीत धरायचं, उजव्या हाताने दोन्हीकडचा मऊ भाग खाली ओढायचा, उरलेली काडी बादलीत टाकायची. टेकल्याचे हात अजून झोन्याच्या दुप्पट चालत होते, आणि ते झोन्याला कळावं अशा बेताने ती काड्या जरा आवाज करूनच टाकत होती.

झोन्याला सकाळपासून टोचणी लागली होती. ती एकदा बोलूनही बघून झाली होती. चर्चच्या नव्या पंचांगाप्रमाणे आज पाणी पवित्र करण्याचा सण, आणि जुन्या पंचांगाप्रमाणे आज नाताळची पूर्वसंध्या. कुठूनही मोजा, आजच्या दिवशी कामाला हात लावणं पापच. त्यावर टेकल्याने उत्तर दिलं होतं की नवं पंचांग तिला लाभलं नाही आणि जुनं तिने सोडलं, त्यामुळे यंदा ती दोन्हीकडून मोकळी आहे. झोन्याला पापाची भीती वाटत असेल तर तिने घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसावं.

दार बाहेरूनच उघडलं.

उणे चौतीसची हवा आत घुसली आणि ढीग उठला. टेबलावरचं सगळं पांढरं एका दमात छताला गेलं, दिव्याभोवती फिरलं, चुलीच्या नळकांड्याला लागून करपलं, झोन्याच्या तोंडात शिरलं. त्या पांढऱ्या गोंधळापलीकडे उंबऱ्यात एक बाई उभी होती. जाड कोट, एका हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं, दुसरा हात अजून कडीवर. आपण काय करून बसलो ते तिला पुरतं कळलं होतं, कारण ती पुढेही येईना नि मागेही जाईना. याच दारात, याच गुन्ह्यासाठी, सात वर्षांची असताना तिने मार खाल्ला होता.

"दार लाव आधी," टेकल्या म्हणाली.

एकोणीस वर्षांनंतर पोटच्या मुलीशी ती बोलली ते हे असं.

दारकाने दार लावलं. पिसं सावकाश खाली येऊ लागली आणि ती बसेपर्यंत तिघींतली कुणी हलली नाही. टेकल्याने तेवढ्यात मुलीला नखशिखान्त बघून घेतलं. पंचावन्नची झाली. केस आखूड आणि पांढरे, पण रंगवलेले नाहीत, हे तिने मनातल्या मनात मान्य केलं. डोळ्यांखाली काळं. पायात घोट्यापर्यंतचे शहरी बूट, ते मात्र मान्य केलं नाही.

"रेजायनाहून या बुटांत आलीस? बोटं आहेत का जागेवर?"

"आहेत, आई. दहाच्या दहा."

मग दारकाचं लक्ष घराकडे गेलं. कोपऱ्यात गव्हाची पेंढी उभी नव्हती. टेबलावर चादर नव्हती, चादरीखाली गवत नव्हतं. चुलीवर पाण्याचं एक भांडं सोडलं तर काही नव्हतं, आणि घराला ना मधाचा वास, ना लसणीचा. नाताळच्या पूर्वसंध्येला तिची आई पिसं सोलत बसली होती.

"आज सहाच तारीख ना?" तिने विचारलं.

झोन्याने दोन्ही हात तोंडावर नेले. काय घोटाळा झाला ते तिघींत पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं.

त्याचं असं झालं होतं. शरद ऋतूत चर्चच्या तळघरात सभा भरली. सभा म्हणजे उरलेली चौदा माणसं आणि चहाची किटली. नाताळ सात जानेवारीवरून हलवून बाकीच्या जगाबरोबर पंचवीस डिसेंबरला करायचा का, यावर हात वर करायचे होते. टेकल्याने उठून सांगितलं की जुना देश सोडून या मातीत पाय ठेवल्यापासून आपल्याकडे येशू सातलाच जन्मतो आहे आणि त्याने अजून तक्रार केलेली नाही. तेरा हात एकीकडे, तिचा एकटीचा दुसरीकडे. टेकल्या हाव्रिल्युक जुनं पंचांग उशाला घेऊनच जाणार, हे त्या दिवशी साऱ्या पंचक्रोशीत झालं, आणि झोन्याच्या फोनमधून ते रेजायनात दारकापर्यंतही पोचलं. झोन्या दर महिन्याला चोरून दारकाला फोन करते, हे टेकल्याला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. तिने ते कधी कळू दिलं नाही, इतकंच.

नोव्हेंबरात झोन्या सहज बोलल्यासारखी बोलून गेली की दारका विचारत होती, आईकडे हल्ली नाताळच्या पूर्वसंध्येच्या पवित्र जेवणाला, त्या मधातल्या गव्हाला, कोण कोण असतं. बस, एवढंच. टेकल्या कणीक मळत होती, ती मळत राहिली. संध्याकाळी झोन्या निघाली तेव्हा तिच्या पाठीकडे बघून म्हणाली, "सांग तिला, गहू शिजेल. खायचा त्याने खावा."

झोन्याने तासाभरात फोन केला. तारीख कुणीच बोललं नाही. नाताळची तारीख का कुणाला सांगायची असते?

पण टेकल्याच्या डोक्यात त्या रात्रीपासून तारीखच होती. मुलगी इस्पितळात नर्स. डिसेंबरातल्या नाताळला तिला रजा मिळेल, जानेवारीत मात्र साहेबापुढे हात पसरावे लागतील. शाळेतही सात जानेवारीला घरी राहिली म्हणून मास्तरीण तिला दुसऱ्या दिवशी वर्गासमोर उभी करायची. म्हणून टेकल्याने आपला वर केलेला हात गुपचूप खाली घेतला. सभेत हरली तेव्हा खाली घेतला नव्हता तो. चोवीस डिसेंबरला तिने बारा पदार्थ रांधले, जावेला आणि तिच्या मुलाला, मेत्रोला, दोन दिवस आधी निरोप दिला. झोन्याला वाटलं, मायलेकींचं आपापसात बोलणं झालं असेल. पाच जणांची पानं मांडली. जावयासाठी टेकल्याने पाठीची खुर्चीसुद्धा काढली, कारण त्याची कंबर दुखते असं कानावर होतं. जेवायला बसायची खूण म्हणजे पहिली चांदणी; ती उगवली, गोठ्यावर चढली, गोठ्यापलीकडे गेली. मेत्रोचं पोट वाजायला लागलं तेव्हा तिने प्रार्थना म्हटली. दुसऱ्या दिवशी गवत झाडून काढलं, गव्हाची पेंढी रागाने हंसांपुढे टाकली आणि झोन्याला बजावलं की आता त्या मुलीला फोन केलास तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस. झोन्याने दोन आठवडे फोनकडे पाहिलंही नाही.

आणि तिकडे दारका. आई बदलायची नाही याची तिला सूर्य उगवण्याइतकी खात्री होती. तिने चोवीस आणि पंचवीस डिसेंबरला दुसऱ्यांच्या पाळ्या आपल्या अंगावर घेतल्या, एकामागून एक, आणि त्या बदल्यात सहा जानेवारीचा दिवस मागून घेतला.

"त्यांच्या नाताळात चार पाळ्या केल्या," ती कोट न काढताच म्हणाली. "तेव्हा तुझ्या नाताळातली एक रात्र मिळाली. उद्या दुपारी तीनला परत हजर व्हायचंय."

"आणि जाऊबाईंनी चोवीसला सगळं रांधलं होतं," झोन्याला आता राहवेना. "तुझ्यासाठी गं. तुला सुट्टी असेल म्हणून. आणि ताटं तर त्यांनी..."

"झोन्या," टेकल्या म्हणाली, "तुझ्या दातात पीस अडकलंय. ते काढ आधी."

झोन्याने दातात बोट घातलं. दारका आईकडे बघत राहिली आणि आई घड्याळाकडे. एकला दहा कमी. या दिवसांत पहिली चांदणी साडेपाचच्या सुमाराला दिसते.

"गहू भिजवलेला नाही," टेकल्या म्हणाली.

"मग?"

"मग चावायचा. दात आहेत ना अजून? कोट काढ, झाडू घे. तू उडवलंस, तू गोळा कर."

झोन्याला आनंद झाला आणि लगेच काळजीही वाटली. एका हिवाळ्यात दोन पवित्र जेवणं? फादरच्या कानावर गेलं तर? टेकल्या कोठीतून गव्हाचा डबा काढत होती. तिने मागे न वळता उत्तर दिलं.

"पोर दोनदा जन्माला आलं म्हणून कुणी रडलेलं मी तरी पाहिलं नाही."

बोलून गेली आणि डब्याचं झाकण तिच्या हातातच राहिलं. मागे झाडूचा आवाज थांबला. मग थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला.

एकोणीस वर्षांपूर्वी याच जेवणाला दारका नवऱ्याला घेऊन आली होती. इस्पितळातून सुटून तिला आठ आठवडे झाले होते. सातव्या महिन्यात मूल आलं होतं, ते श्वास न घेताच. घरात त्याबद्दल कुणी अक्षर काढलं नव्हतं; अशा गोष्टी बोलायची या घराला सवय नव्हती. पवित्र जेवणाच्या टेबलावर गेलेल्या माणसांसाठी एक ताट जास्तीचं मांडतात, आणि बसण्याआधी बाकावर फुंकर मारतात, आपल्या माणसाचा आत्मा तिथे आधीच येऊन टेकला असेल तर तो चेंगरू नये म्हणून. त्या वर्षी ते ताट दारकाच्या बापाचं, मिखाइलोचं होतं. सगळे बसायच्या बेतात असताना दारकाने कपाटातून एक छोटी निळ्या काठाची बशी काढली आणि बापाच्या ताटाला लागून ठेवली.

टेकल्याने ती उचलून परत कपाटात ठेवली. "बाप्तिस्मा न झालेल्याला ताट नसतं," ती म्हणाली होती. ओरडून नाही. मीठ संपलंय हे सांगावं तशी.

टेबलाभोवती नऊ माणसं. जावयाला भाषा कळत नव्हती, तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. दारकाने भिंतीवरचा कोट काढला. टेकल्याला वाटलं होतं, गाडीपर्यंत जाईल आणि परत येईल. पहिली दोन-तीन वर्षं तिला असंच काहीसं वाटत राहिलं. पुढे एकदा एक तरुण फादर जेवायला आले असता तिने आडून विचारलं, तेव्हा ते म्हणाले की देव असे कागद तपासत बसत नाही. टेकल्याने त्यांना सारातली जास्तीची बीटं वाढली आणि पोरगेलं आहे बिचारं, असं म्हणून सोडून दिलं. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही.

आता तिघी कामाला लागल्या. पडवीत, जिथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत फ्रिजची गरज पडत नाही, तिथे चोवीस तारखेच्या उरलेल्या पिरोह्या, बटाट्याचं आणि आंबट कोबीचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, पिशवीत दगड होऊन पडल्या होत्या. कोबीच्या पानात गुंडाळलेला भात होता. बीटच्या साराची एक बरणी होती. वाळवलेली अळंबी झोन्याने कोमट पाण्यात टाकली. दारकाने वर्तमानपत्र उलगडलं, तर आत हातभर लांबीचा मासा, लाकडासारखा गोठलेला. तिच्या नवऱ्याने, गॉर्डनने, तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून धरला होता. स्वतः आला नव्हता. पवित्र जेवणाला मासा लागतो, हे त्याच्या लक्षात होतं म्हणे.

टेकल्याने मासा उलटा-सुलटा करून पाहिला. साफ नीट केला होता, अंगावर एक खवला राहिला नव्हता.

"हात बरे आहेत त्याचे," ती म्हणाली. एकोणीस वर्षांत जावयाच्या वाट्याला आलेलं हे पहिलं बरं बोलणं, आणि ते ऐकायला तो नव्हता.

दारका गोठ्यातून कवळभर गवत घेऊन आली, टेबलावर पसरलं, वर चादर घातली, चार कोपऱ्यांत चार लसणी ठेवल्या. हे करताना तिला काही विचारावं लागलं नाही. मग ती मांडीत मातीचं खरबरीत भांडं घेऊन खसखस वाटायला बसली. लाकडी दांडा गोल फिरवताना तिचा डावा खांदा थोडा वर जायचा. टेकल्याच्या आईचाही जायचा. टेकल्या गहू ढवळायच्या निमित्ताने चुलीपाशी उभी राहून ते बघत होती. भिजवलेला गहू दोन तासांत फुलतो. हा तीन तासांनंतरही आपला दाणा सोडायला तयार नव्हता.

पदार्थ मोजायची वेळ आली तेव्हा वाद झाला. येशूच्या बारा शिष्यांच्या नावाने बारा पदार्थ हवेत. झोन्याने लोणच्याची काकडी धरून अकरा जमवले, मीठ धरलं तर बारा होतात असंही सुचवून पाहिलं. दारका म्हणाली, सुक्या फळांचं पाणी आणि त्यातली फळं वेगळी मोजू.

"अकराच राहू देत," टेकल्या म्हणाली. "त्या बारांतला एक तसाही फितूर निघाला."

झोन्या इतकी हसली की तिला बसावं लागलं. दारकाही हसली. टेकल्या हसली नाही. हसवल्यावर आपण हसायचं नसतं, असं तिचं मत होतं.

पाच वाजले. खिडकीबाहेर बर्फ निळसर होऊ लागला. टेकल्याने पानं मांडली. आपलं, झोन्याचं, दारकाचं. मग मिखाइलोचं ताट. मग तिने कपाट उघडलं, निळ्या काठाची बशी काढली, ती स्वच्छ असूनही कमरेच्या फडक्याने पुसली आणि मिखाइलोच्या ताटाला लागून ठेवली. चोवीस तारखेलाही ती तिथेच ठेवली होती. झोन्या दुपारी तेच सांगायला निघाली होती.

मागे खसखशीचा आवाज थांबला.

टेकल्या बशी सरळ करत राहिली. ती सरळच होती.

"नाव काय ठेवलं होतं?" तिने विचारलं.

"ग्वेन्डोलिन," दारका म्हणाली. "मुलगी होती. गॉर्डनच्या आईचं नाव."

टेकल्याच्या जिभेवर काय काय आलं असेल ते झोन्याला साठ वर्षांच्या सवयीने ऐकू येत होतं: की या घरात आजवर असलं नाव कुणाच्या तोंडून निघालं नाही, की अंगणातून हाक मारेपर्यंत पोर वयात येईल, की आजी काय एकच असते का. ते सगळं टेकल्याने गिळून टाकलं.

"ग्वेन... दोलिना."

"लिन. शेवटी लिन."

"ग्वेन्दोलिन."

"हो."

"मोठं नाव आहे," टेकल्या म्हणाली. "एवढ्याशा जिवाला." आणि मग, बशीकडेच बघत, "माझाही एक होता. तुझ्या आधी. मुलगा. सासूबाईंनी मला हेच सांगितलं होतं, याच टेबलावर. मी ऐकून घेतलं. तू नाही ऐकलंस."

दारकाने मांडीवरचं भांडं खाली ठेवलं. ती उठली, कपाटाशी गेली, तशीच दुसरी बशी शोधली. निळ्या काठाची दुसरी नव्हती, साधी पांढरी होती. ती तिने पहिलीशेजारी ठेवली. "आणि याचं?" असं तिने विचारलं नाही, आणि टेकल्याने आपण होऊन सांगितलंही नाही, कारण सांगायला नाव नव्हतं. झोन्या अळंबी ढवळत होती. अळंबी केव्हाच झाली होती.

चांदणी बघायला घरातल्या लहानाने जायचं असतं. घरातलं लहान पंचावन्न वर्षांचं होतं. ते शहरी बूट घालून पडवीत गेलं आणि लगेच परत आलं. "उगवली," ती म्हणाली, आणि तिचा आवाज सात वर्षांच्या मुलीसारखा निघाला.

तिघींनी बाकावर फुंकर मारली. टेकल्याने प्रार्थना म्हटली, गेलेल्यांची नावं घेतली: सासरे, सासू, आपले आईबाप, दीर, मिखाइलो. मघापासून चुलीपाशी तिचे ओठ का हलत होते, ते झोन्याला आता कळलं. "ग्वेन्डोलिन," टेकल्या शेवटी म्हणाली. एकही अक्षर अडखळलं नाही.

गहू मात्र काही केल्या मऊ झाला नव्हता. मध आणि खसखस घातल्यावर वास अगदी बरोबर आला, पण चावताना तिघींचे जबडे गायींसारखे चालत होते. झोन्याचे वरचे दात एकदा गव्हातच राहिले. पहिला चमचा छताला मारायची रीत आहे. जितके दाणे चिकटतील तितकं वर्ष चांगलं. टेकल्याने मारला. एकही दाणा चिकटला नाही, सगळे झोन्याच्या डोक्यावर आले. "तुझं वर्ष चांगलं," टेकल्या म्हणाली. तरी दारकाने दोनदा वाढून घेतलं. पुढच्या वर्षी कोणत्या तारखेला, हे कुणी विचारलं नाही. झोन्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यात पिरोही घातली.

जेवणं झाल्यावर मेत्रो येऊन आईला घेऊन गेला. टेकल्या ताटं विसळेपर्यंत दारका चुलीशेजारच्या बाकावर जरा टेकते म्हणाली आणि बोलता बोलता झोपली. तोंड उघडं, एक पाय खाली. नर्सच्या झोपा अशाच, जिथे पडतील तिथे. टेकल्याने तिचा पाय वर उचलून ठेवला आणि पांघरूण घातलं.

मग तिने सगळ्या पदार्थांतला थोडा थोडा वाटा एका टोपलीत घेतला. आज मुक्या जनावरांनाही जेवायला घालायचं असतं. पूर्वी गायी होत्या, घोडे होते. आता सहा हंस. ती बाहेर गेली. वारा पडला होता. अशा थंडीत आवाज लांबवर जातो. अर्ध्या मैलावर मेत्रोने गाडीचं दार लावलेलं तिला ऐकू आलं. हंसांनी मासा सोडून सगळं खाल्लं.

परत येताना तिला अंगणात दारकाची गाडी दिसली. पुढच्या जाळीतून इंजिन तापवायच्या तारेचं टोक तसंच लोंबत होतं, कुठेही न जोडलेलं. शहरात जमिनीखाली गाड्या ठेवणाऱ्यांना विसर पडतो. रात्रभर वीज दिली नाही तर या थंडीत सकाळी इंजिन दगड होतं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. तालुक्याचा मेकॅनिक सणाच्या दिवसांत बुधवारच्या आत उठायचा नाही.

म्हणजे तीन दिवस.

टेकल्या टोपली धरून उभी राहिली. तीन दिवसांत गहू रात्रभर भिजवून नीट शिजवता आला असता. पिसं सोलून झाली असती. मूल गेलं त्या आठवड्यात काय काय झालं, ते कदाचित दारका आपण होऊन बोलली असती. अशा गोष्टी पहिल्या दिवशी निघत नाहीत. कुणी टेकल्याला बोल लावला नसता. तिला काही करायचंच नव्हतं. काही न करता फक्त घरात जायचं होतं. खिडकीतून चुलीचा उजेड दिसत होता, आणि त्यात बाकावर पांघरुणाखालची मुलीची पाठ.

तिने टोपली बर्फावर ठेवली. गोठ्यातल्या प्लगला लावलेली लांब वायर तिने भिंतीवरून उतरवली. थंडीने ती काठीसारखी ताठ झाली होती; घाईने ओढली तर तडकते. म्हणून तिने एकेक वेढा काखेत धरून ऊब दिली, तो नरमला की सोडला, मग पुढचा घेतला. अंगण ओलांडून गाडीपर्यंत यायला तिला बराच वेळ लागला. पुढच्या चाकाशी तिने आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा. हातमोजा दातांनी काढला आणि दोन टोकं जोडली.

लगेच उठता येण्यासारखं नव्हतं. तिने गाडीच्या थंड पत्र्याला कान लावला आणि आत पाणी तापू लागल्याची बारीक सूं ऐकू येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.